फुकटाची खतावणी

दाजींना घरी आणलं त्या संध्याकाळी बहिणीनं उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकला, डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "सिद्धरामेश्वरानं वाचवलं बघ दादा. आन् एक रुपया लागला नाही की!"

मी "होय" म्हणालो. माझ्या पिशवीत शंभर पानी वही होती आणि तिची अकरा पानं तोवर भरली होती.

वही ठेवायचं कुणी सांगितलं नव्हतं. सवय. चाळीसेक वर्षं मी दुसऱ्यांचे हिशेब लिहितोय. आधी सुताच्या पेढीवर, आता अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात. आता सगळं कॉम्प्युटरवर असतं, पण मी शिकलो कीर्द-खतावणीवर. कीर्दीत रोज जसं घडलं तसं लिहायचं आणि मग एकेक रक्कम उचलून खतावणीत ज्याची त्याच्या खात्यावर न्यायची. माझे पहिले मुनीम म्हणायचे, पोरा, रक्कम कधी हरवत नसते, ती कुणाच्या तरी खात्यावर जाऊन बसलेली असते. तेरीज, म्हणजे जमा-नाव्याचा ताळा, जुळेना तेव्हा ते हेच वाक्य म्हणायचे आणि मला रात्री दहापर्यंत बसवून ठेवायचे.

तर गेल्या मे महिन्यातली गोष्ट. सोलापूरचा मे, त्यात पत्र्याचं शेड आणि त्यात रात्रपाळी. दाजी यंत्रमागावर आहेत. पहाटे छातीत जळजळायला लागलं. पित्त म्हणून सोडा प्यायले आणि पुन्हा मागावर उभे राहिले, कारण माग बंद तर मजुरी बंद. सहाच्या सुमाराला घामानं बनियन पिळून निघालं तेव्हा शेजारच्या मागावरच्या पोरानं त्यांना स्कूटरवर घालून गल्लीतल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ईसीजीची पट्टी काढली, जिभेखाली गोळी दिली, एक इंजेक्शन दिलं आणि १०८ ला फोन केला. त्या डॉक्टरांचे मी आजही उपकार मानतो.

पुढं रुग्णालय. कुठलं ते सांगत नाही. तिथं काउंटरवर म्हणाले, सरकारच्या मोफत उपचार योजनेत बसायचं तर रेशनकार्ड आणि आधार आणा, तोवर पंधरा हजार भरा. रेशनकार्ड बहिणीच्या घरी माळ्यावर पत्र्याच्या पेटीत, पेटीवर गाद्या, गाद्यांवर दिवाळीचे डबे. भाचा ते शोधत होता आणि मी एटीएमसमोर उभा होतो. निकडीच्या वेळी फोनवर मंजुरी घेऊन रुग्ण दाखल करायचा आणि कागद मागून द्यायचे, अशी सोय योजनेत आहे. हे मला दोन महिन्यांनी कळलं. तिथला आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचे कागद बघून देणारा माणूस, मात्र भला पोरगा. कार्डावर दाजींचं नाव एका मात्रेनं चुकलं होतं, ते निस्तरायला त्यानं जेवण सोडून तासभर फोन केले. दुपारी अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, बसला. चौथ्या दिवशी घरी. पंधरा हजार परत मिळाले, खोटं कशाला बोलू. बिलावर रुग्णानं द्यायची रक्कम शून्य होती.

म्हणजे बहीण म्हणाली ते बरोबरच होतं. दाजी आज चालते-बोलते आहेत ते या योजनेमुळे, आणि तिला नावं ठेवायला मी बसलेलो नाही. पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या आळीत असा झटका आला की दोनच गोष्टी व्हायच्या: माणूस जायचा, नाहीतर घर जायचं.

सोलापूरला तर ही योजना सगळ्यांत आधी आली. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपण होतो. कुटुंबाला वर्षाला दीड लाख. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात ती राज्यभर गेली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं, २०१८ मध्ये केंद्राची पाच लाखांची आयुष्मान भारत आली आणि २०२० मध्ये दोन्हींची सांगड घातली गेली. २०२३ मध्ये राज्यानं ठरवलं की रेशनकार्ड पिवळं असो, केशरी असो की पांढरं, सगळ्यांनाच पाच लाखांचं कवच. अंमल जुलै २०२४ पासून.

आमच्या पूर्व भागातल्या बायकांना मात्र २०१२ मध्ये यात नवल वाटलं नव्हतं. शेजारच्या अक्का विड्या वळता वळता म्हणाल्या, "आमच्या गावाकडं हे कवाच आलंय." गावाकडं म्हणजे महबूबनगरला, तेव्हाच्या आंध्रात. तिकडं २००७ पासून आरोग्यश्री नावाची अशीच सरकारी योजना होती आणि आपली योजना बरीचशी तिच्याच घडणीची. आमच्याकडच्या तेलुगू पद्मशाली विणकर घरांमधून दर लग्नसराईत बातम्या येत: कुणाच्या सासऱ्याचं बायपास झालं, कुणाच्या पोराच्या हृदयाचं भोक बुजवलं. मुंबईला फाइल फिरत होती तेव्हा सोलापुरात बायका सुपात पानं घेऊन तिच्यावर चर्चा करत होत्या!

आता वहीकडे येतो.

दाखल होण्याआधीच्या तपासण्या, इंजेक्शन, गल्लीतल्या दवाखान्यापासूनचं सगळं मिळून ७,३५० रुपये. रिक्षा, बरोबरच्या माणसांचं जेवण, चहा, झेरॉक्स, फोनचं रिचार्ज ५,१८०. घरी आल्यापासून अकरा महिन्यांच्या गोळ्या आणि रक्त-इकोच्या तपासण्या १६,९००. बहिणीच्या बांगड्या गहाण ठेवून चाळीस हजार उचलले, कारण घरात चूल पेटायला हवी होती. त्याचं व्याज ४,४००. बेरीज ३३,८३०.

इथवर लिहून मी रेघ मारली होती. दोन आठवड्यांनी पुन्हा वही उघडली, कारण तेरीज जुळत नव्हती. एवढ्यानं घर इतकं खाली कसं जाईल? मग डोक्यात उजेड पडला. मी फक्त गेलेले पैसे लिहिले होते, न आलेले लिहिलेच नव्हते. दाजींची आठवड्याची मजुरी सरासरी ३,४००. सोळा आठवडे ते मागावर गेले नाहीत. ५४,४०० रुपये. बहीण त्यांच्यामागं पाच आठवडे विड्यांना बसली नाही, आठवड्याला बाराशे धरले तरी ६,०००. दोन्ही मिळून ६०,४००, आणि मागची बेरीज धरून ९४,२३०.

फुकट झालेल्या आजाराचे चौऱ्याण्णव हजार, आणि त्यातला जवळजवळ दोन तृतीयांश भाग असा, की ज्याची पावती जगात कुणीच देत नाही.

गोळ्यांबद्दल एक सांगायलाच हवं. योजनेत डिस्चार्जनंतर दहा दिवसांपर्यंतचं बघतात. परतीचं एकदाचं भाडंही देतात. पण स्टेंट बसवल्यावर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या साधारण वर्षभर चुकवता येत नाहीत. काही आजारांसाठी पुढच्या तपासणी-औषधांची वेगळी पॅकेजेस योजनेत आहेत. ती आम्हाला कुणी सांगितली नाहीत आणि आम्हीही विचारली नाहीत. दाजींनी मध्ये पंधरा दिवस एक गोळी "जरा थांबवली" होती, हे मला बहिणीनं फार उशिरा सांगितलं. डॉक्टरांना तर सांगितलेलंच नाही.

कंबर तलावाच्या कडेनं आम्ही चार-पाच जण सकाळी चालतो. तिथं एक निवृत्त बँकवाले आहेत, मनानं चांगले. त्यांचं पालुपद ठरलेलं: "सगळ्यांना पाच लाख फुकट! आपल्या टॅक्सवर!" परवा म्हणाले, देश दिवाळखोर होईल. मी त्यांना म्हटलं, साहेब, तुम्ही कॅश क्रेडिट, म्हणजे मर्यादेत लागेल तसं उचलायचं कर्ज, दिलंय ना लोकांना? पन्नास लाखांची मर्यादा मंजूर झाली म्हणून मालकाच्या गल्ल्यात पन्नास लाख येतात का? तसंच पाच लाखांचं. माणूस आधी इतका आजारी पडला पाहिजे की रुग्णालयात झोपवावं लागेल, तोही आजार यादीत बसला पाहिजे, मग त्या पॅकेजचा दर जेवढा तेवढे रुग्णालयाला. मर्यादा वाढवणं सरकारला फार जड नसतं, कारण तिच्या टोकापर्यंत जाणारे थोडेच. ती छापायला मात्र फार सोपी असते. बॅनरवर "रक्तदाबाच्या गोळ्या वर्षभर मिळतील" असं कोण लिहील? पाच लाख कसं भरीव दिसतं!

ते म्हणाले, "पण टॅक्स तर आपण भरतो." हे मला जरा लागलं. म्हटलं, आमच्या अक्का पण भरतात. १९७६ चा कायदा होता, विडीवर उपकर बसवून त्यातून विडी कामगारांच्या कल्याणाचा निधी, त्यातून त्यांचे दवाखाने. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा तो उपकर गेला आणि विडीवर २८ टक्के कर बसला. उपकरावर विडी कामगाराचं नाव तरी होतं. करावर कुणाचंच नसतं, तो मोठ्या विहिरीत जातो आणि तिथून आपल्याला पोहरा मिळेल तेव्हा मिळेल. बँकवाले म्हणाले, तुम्ही फार हिशेबी आहात. मग आम्ही इडली खायला गेलो.

सरकारी आकडे मी वाचतो. राष्ट्रीय आरोग्य लेखे म्हणून एक अहवाल निघतो. त्यात म्हटलंय की देशातल्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून थेट जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. आनंदच आहे. पण या हिशेबात बुडालेली मजुरी धरत नाहीत. माझी पहिली रेघ जिथं होती तिथंच त्यांचीही आहे. त्याच २०२१-२२ मध्ये सरकारांचा आरोग्यावरचा खर्च जीडीपीच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांवर न्यायचं म्हटलं होतं. मुनीम माणसाला हा फरक बघितला की आधी एकच प्रश्न पडतो: उरलेलं कुणाच्या खात्यावर गेलं? मला माझ्यापुरतं माहीत आहे. बहिणीच्या बांगड्यांवर.

आणि सुधारणा म्हणजे दर वेळी खजिना रिकामा करणं असंही नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या औषध-दर प्राधिकरणानं स्टेंटची कमाल किंमत ठरवून दिली. औषध लावलेल्या स्टेंटला २९,६०० रुपये, कर वेगळा. त्याआधी लाखाच्या पुढची बिलं लोकांनी भरली आहेत. एका आदेशानं किंमत खाली आली, कुणाला कार्ड काढावं लागलं नाही, कुणाला आरोग्यमित्र लागला नाही. दाजींच्या योजनेच्या पॅकेजलाही त्याचा उपयोग होतोच. अशा कागदाचं मला कौतुक आहे, पण त्याच्या उद्घाटनाला फीत नसते.

सोलापुरात आणखी एक गंमत आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्यातल्या सरकारी दवाखान्यांत सगळं मोफत, केसपेपरसुद्धा, अशी घोषणा झाली. आमच्या कारखान्यात पोरं खूश. पण ती घोषणा सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांपुरती होती, आणि आपलं सिव्हिल चालतं डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडून, म्हणजे वैद्यकीय शिक्षण विभागाखाली. दोन खाती, दोन मंत्री, दोन नियम. ज्या सिव्हिलमध्ये धाराशिवपासून कर्नाटकातल्या सीमेवरच्या गावांपर्यंतची माणसं येऊन व्हरांड्यात चटई टाकतात, तिथल्या माणसानं हे पोटविभाग कसे ओळखायचे? त्याच्या दृष्टीनं सरकार एकच असतं.

इथपर्यंत मी सरकारचा हिशेब केला. हा भाग सोपा होता.

माझे बाबा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. १९७८ साली त्यांना क्षय झाला. मी अकरा वर्षांचा. ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, दवाखान्यात त्यांच्याबरोबर रांगेत उभा राहायचो. लाल औषधासाठी घरून बाटली न्यायची, कंपाउंडर तिला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायचा. रोज इंजेक्शन. बाबा सात महिने घरी होते. पण मला त्या सात महिन्यांत उपास आठवत नाही, शाळा सुटल्याचं आठवत नाही. आई कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढ्यात ठेवायची, तशीच आधीही ठेवायची. खूप नंतर कळलं की बाबांना घरी बसून निम्मा पगार मिळत होता. तो ईएसआयमधून यायचा.

१९४८ चा कायदा तो, राज्य कामगार विमा. त्या वेळच्या लोकांनी एक गोष्ट बरोबर ओळखली होती: मजूर आजारी पडला की त्याला औषधाचा खर्च असतोच, पण त्याआधी मजुरी बुडते. म्हणून औषधाबरोबर मजुरीही. आजही दाजींसारख्याला आजारपणात ९१ दिवसांपर्यंत सत्तर टक्के मजुरी मिळते, शिवाय बाह्यरुग्ण तपासणी, गोळ्या, बायकापोरांचे उपचार. मी हिशेब करून पाहिला. तेरा आठवड्यांच्या ४४,२०० मजुरीवर ३०,९४० रुपये. बांगड्या पेटीत राहिल्या असत्या. गोळी थांबवावी लागली नसती. वर्गणी किती? मालकाची सव्वातीन टक्के, कामगाराची पाऊण टक्का. दाजींच्या मजुरीवर मालकाचे महिन्याला पाचशेच्या आत, दाजींचे एकशे दहा.

मग दाजींना ईएसआय का नाही? कारण त्यांच्या मालकाच्या कारखान्यात, कागदावर, दहा माणसं नाहीत. दहा झाली की कायदा लागू होतो. शेड एकच आहे, विजेचा खटका एकाच भिंतीवर आहे, पण कारखाने दोन आहेत: एक मालकाच्या नावावर, एक त्याच्या बायकोच्या. असं सगळीकडे नसेल, पण हे कसं करतात ते मला नीट माहीत आहे, कारण आमच्याकडे ते मीच केलंय.

सोळा वर्षांपूर्वी थोरल्या मालकांनी मला बोलावलं आणि म्हणाले, माणसं सतरा झालीत, काहीतरी करा. मी दुसऱ्या दिवशी दोन हजेरीपत्रकं आणली. एकात नऊ, एकात आठ. अक्षर माझं, सुबक. ऑडिटवाल्यांनी कधी नाव ठेवलं नाही. मला त्या वर्षी दिवाळीला नेहमीपेक्षा जास्त मिळालं होतं आणि त्यातून मी घरात फ्रीज घेतला. तो फ्रीज अजून चालू आहे.

आमच्या सतरा माणसांत गेल्या सोळा वर्षांत काविळी झाल्या, दोन बायकांची गर्भाशयाची ऑपरेशनं झाली, एकाचं बोट गेलं. बोटाच्या वेळी मालकांनी स्वतःहून वीस हजार दिले आणि मीच सगळ्यांना सांगत होतो की आमचे मालक देवमाणूस आहेत. ते आहेतही. एवढे वीस हजार एका वेळी सोडणारा माणूस महिन्याला माणशी पाचशेला का कचरतो, हे मला अजून उलगडलेलं नाही. दिलेलं दान दिसतं आणि वर्गणी दिसत नाही, म्हणून असेल. किंवा ईएसआय घेतला की पाठोपाठ पीएफ, तपासनीस, रजिस्टरं, असं मीच त्यांना घाबरवलं होतं म्हणूनही असेल.

म्हणून आरोग्यावर सरकारनं किती खर्च करावा, असं कुणी मला विचारलं तर माझं उत्तर आता जरा अडखळत येतं. कवच पाचचं दहा लाख करू नका, असं मी म्हणेन. त्याऐवजी रक्तदाब, साखर आणि हृदयाच्या गोळ्या गल्लीतल्या सरकारी दवाखान्यात बारा महिने मिळू द्या. दाखल माणसाच्या घरी आठवड्याला काहीतरी मजुरी जाऊ द्या, निम्मी का होईना. बारा महिने गोळी मिळाली तर किती जणांना स्टेंटपर्यंत जावंच लागणार नाही, म्हणजे हिशेबानंही ते परवडेल. हे सगळं मी कंबर तलावावर ठासून बोलू शकतो. पण बँकवाल्यांनी उलटून विचारलं, "तुमच्या कारखान्यात काय आहे?" तर मी काय सांगणार होतो? त्यांनी विचारलं नाही, म्हणून त्या दिवशी इडली गोड लागली.

धाकटे मालक आता कारभार बघतात. मला काका म्हणतात. फेब्रुवारीत मी विषय काढला. आकडे कागदावर मांडून दिले, सतरा माणसांचे वर्षाचे किती होतात ते. त्यांनी नीट वाचलं. म्हणाले, "काका, सूत बघा कुठं गेलंय. दिवाळीनंतर बघू." वाईट बोलले नाहीत. सूत महागलंय हेही खरं आहे, खरेदीची नोंद मीच करतो.

दाजी सप्टेंबरपासून कामावर आहेत. रात्रपाळी सोडली, त्यामुळे मजुरी थोडी कमी झाली. बहीण पुन्हा विड्या वळते. वहीची उरलेली पानं तिनं बचत गटाच्या हिशेबाला मागून घेतली. लिहिलेली पानं मी स्टेपलर मारून बंद केली आहेत, तिनं बघू नयेत म्हणून.

मार्चअखेर नेहमीच्या दुकानात नवीन वर्षाची रजिस्टरं आणायला गेलो. दुकानदार माझी यादी बघतच नाही, त्याला पाठ आहे. कॅशबुक, व्हाउचर पॅड, दोन हजेरीपत्रकं. मी त्यातलं एक परत केलं. पैसे कापून घेताना तो म्हणाला, "यंदा माणसं कमी केली का?" मी नाही म्हणालो.

एक तारखेला सतरा नावं एकाखाली एक लिहिली. धाकट्या मालकांनी अजून ते उघडून पाहिलेलं नाही.